साहेबाचे कट्टे आणि खाडीकाठचे ग्रहण

खग्रास सूर्यग्रहण दिसते ते चंद्राच्या गडद सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्याबाहेरच्या विस्तृत भागात खंडग्रास. कोकणावरून असे दोन पट्टे गेले, १८ ऑगस्ट १८६८ आणि २२ जानेवारी १८९८ रोजी. लोकांच्या आठवणीत मात्र दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला, अशी आख्यायिका आहे. पण त्या वर्षी लॉकयर इंग्लंडातच होते. भर पावसाळ्यातल्या त्या ग्रहणाचे वेध जान्सन यांनी गुंटूरहून, पॉगसन यांनी मछलीपट्टणहून, तर जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून घेतले. लॉकयर यांना सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेषा नंतर, ग्रहणाविनाच दिसली. विजयदुर्गला ते आले १८९८ साली, आणि कट्टे त्या मुक्कामाशी जोडणेच रास्त.

त्यांची तयारी थक्क करणारी होती. मेल्पोमीन या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी कामे वाटून दिली, कुणी प्रभामंडळ रेखाटायचे, कुणी उपकरणे सांभाळायची, आणि त्याच्या तालमी घेतल्या. खग्रास स्थिती टिकणार होती जेमतेम दोन मिनिटे! तिकडे करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते. जेऊरला रेल्वे होती आणि जानेवारीत आभाळ निरभ्र असते, या दोन गोष्टी जड उपकरणे घेऊन येणाऱ्यांच्या पथ्यावर पडल्या.

आजची नवी मुंबई दोन्ही पट्ट्यांच्या उत्तरेला, म्हणजे बाहेर राहिली. २२ जुलै २००९ला खग्रास पट्टा सुरतेवरून गेला आणि वाशी-बेलापूरच्या वाट्याला खंडग्रासच आले, तेही पावसाळी ढगांआड. २६ डिसेंबर २०१९ला केरळात कंकणाकृती ग्रहण असताना इथे बिंबाचा सुमारे चार पंचमांश भाग झाकला गेला.

खंडग्रासात चष्मा काढण्याजोगा एकही क्षण नसतो. परातीतल्या पाण्यात बिंब पाहण्याची जुनी रीत, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म यांपैकी काहीही डोळ्यांना सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा चौदा क्रमांकाची वेल्डिंगची काच हवी. तेही नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि प्रतिमा कागदावर घ्यावी. २ ऑगस्ट २०२७च्या दुपारनंतर नवी मुंबईत पुन्हा खंडग्रास आहे. महिना पुन्हा पावसाचाच.