औटकीचे वीस दिवस

फेब्रुवारी १९८१. जनगणनेचं काम ९ ते २८ तारखेपर्यंत होतं आणि चौथी ‘ब’च्या आपल्या बाईंना प्रगणक म्हणून घरोघरी फिरायचं होतं. बदली म्हणून एक निवृत्त गुरुजी आले. डोक्यावर काळी टोपी, हातात रूळ.

त्यांचा हट्ट एकच, पावकीपासून औटकीपर्यंत सगळं पाठ हवं. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले १९५७ साली, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी. आपल्या पुस्तकात हे पाढे नव्हतेच. “सात दिडे?” असं विचारलं की घशाला कोरड पडायची.

वाचवायचा तो शेवटच्या बाकावरचा आपला एक सोबती. आजोबांबरोबर आठवडी बाजारात धान्याच्या ढिगाशी बसून त्याला सगळं तोंडपाठ झालेलं. तो खोकल्यासारखं करून उत्तर पुटपुटायचा आणि अख्खी रांग तरून जायची. एकदा माझं “साडेदहा” जरा जास्तच लवकर आलं.

“कुणी सांगितलं?”

मी बोललो काहीच नाही. नुसतं मागे वळून पाहिलं. तेवढं पुरलं. तो दुपारभर अंगठे धरून उभा होता. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलाच नाही.

मार्चमध्ये बाई परतल्या. हजेरी घेताना त्याचं नाव दोन-तीनदा पुकारून थांबल्या.

आपण भेटलो की गुरुजींच्या रुळाचा विषय निघतोच. तेव्हा मी गप्प का असतो, ते हे. मेळाव्याच्या यादीतही त्याचं नाव दिसलं नाही. कुणाला ठावठिकाणा माहीत असेल तर मला जरूर कळवा.