महाधमनीचा फुगा आणि मूत्रपिंडांची राखण

१/ पोटातील महाधमनीला आलेला फुगा फुटला, तर बहुतेक रुग्ण दगावतात. तो फुटण्यापूर्वीच बंदोबस्त करावा लागतो. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील धमनीतून कापडी नळी आत नेली आणि धातूच्या स्टेंटने घट्ट बसविली. (छातीतील महाधमनीत असाच उपचार निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्येच खार्किव्ह येथे केला होता, जगाने त्याची दखल फार उशिरा घेतली.)

२/ पोट वाचले, पण मूत्रपिंडांचा घोर लागला. हा फुगा बहुधा त्यांच्या धमन्यांच्या जरा खालीच असतो. नळी काही मिलिमीटर वर सरकली, तरी त्या धमन्यांची मुखे झाकली जातात. ती दिसावीत म्हणून आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडावे, तर तेच दुबळ्या मूत्रपिंडांना बाधू शकते.

३/ फ्लोरिडातील आयर्विन हॉकिन्स यांनी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला. तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मेंदूकडे मात्र जाऊ देता येत नाही.

४/ सर्वांत साधा उपाय पाण्याचाच, म्हणजे शिरेतून सलाईन. शरीर कोरडे असेल तर रंगद्रव्याचा धोका वाढतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेथील किंवा नांदेडच्या उन्हाळ्यात रुग्ण कोरडा पडूनच रुग्णालयात पोहोचला, तर नवल नाही. सीटी स्कॅनलाही हेच रंगद्रव्य लागते; म्हणून रक्तातील क्रिएटिनिन आधी मोजतात आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा.