जखमी शिपायाची सुट्टी

स्मरणिकेसाठी “इतिहासावर काही लिहा” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा राजेरजवाडे सोडून माझ्या डोळ्यांपुढे माझी चुलती उभी राहिली.

माझे धाकटे चुलते १९७१ च्या लढाईत सुरुंगावर पाय पडून जखमी झाले. डावा पाय मांडीपासून गेला, उजव्या हाताची तीन बोटे गेली. पुण्यास १९४४ सालापासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, तेथे त्यांना पाय बसवून मिळाला. पेन्शनही मिळाली. गावाने वाजतगाजत घरी आणले, असे आई सांगे. पण मिरवणूक संपल्यावर तो पाय रोज सकाळी बांधायचा कोणी? आंघोळ, दाढी, पट्ट्याने मांडीवर उठलेल्या फोडांना मलम, रात्री ओरडत उठले की दिवा लावून शेजारी बसणे, हे सर्व चुलतीने केले. नऊ वर्षांत ती एकदाच माहेरी गेली, भावाच्या लग्नाला. आणि अक्षता पडताच शेवटची एस.टी. धरून परत आली.

जखमी माणसाला चार दिवस हवापालट हवा, आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईलाही हवा, हे जगात कोणाला केव्हा सुचले, ते शोधावेसे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मजकूर मुलीने वाचून अर्थ सांगितला, मी वहीत टिपून घेतला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले आपले हिंदी शिपाई १९१४ च्या डिसेंबरात इंग्लंडातील समुद्रकाठच्या ब्रायटन गावी आणले गेले. तेथील जुन्या राजवाड्याचे रुग्णालय केले होते. झुंबरांखाली खाटा मांडल्या. नऊ स्वयंपाकघरे, हिंदू व मुसलमान यांना पाण्याचे वेगळे नळ, अशी व्यवस्था होती. तेथे २,३०० च्या वर शिपायांवर उपचार झाले. सरकारने त्याची छायाचित्रे काढून हिंदुस्थानात पाठविली, की पाहा, तुमच्या मुलांची किती बडदास्त आहे! पण त्याच गावातल्या दुसऱ्या मोठ्या हिंदी रुग्णालयाभोवती काटेरी तार होती आणि शिपायांना मोकळेपणी गावात हिंडण्यास बंदी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि माणूस तारेच्या आत. घरचे कोणी कपाळावर हात ठेवायला येईल म्हणावे, तर घर सातासमुद्रांपलीकडे. जे तेथेच वारले, त्यांपैकी ५३ हिंदू व शीख शिपायांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले. त्या जागी बांधलेल्या संगमरवरी छत्रीचे अनावरण १९२१ साली झाले.

गोऱ्या शिपायांचे तरी सगळे नीट होते असे नाही. लंडनजवळ सिडकप येथे चेहरा छिन्न झालेल्या जवानांचे रुग्णालय १९१७ साली निघाले. डॉ. गिलीज यांनी तेथे कातडी जोडून नवे नाक, नवे ओठ करण्याची विद्या पुढे नेली. हे जवान पाय मोकळे करायला निघत, त्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगविले होते. निळ्या बाकावर कोण बसलेला असेल ते गावकऱ्यांनी आधीच ओळखावे व दचकू नये, म्हणून ही खूण! हे मुलीने वाचले तेव्हा मी हातातली भाजी खाली ठेवली.

लढाई संपली, लोक आपापल्या उद्योगाला लागले. मार्टा कनिंगहॅम नावाच्या मूळच्या अमेरिकन गायिका लंडनजवळच्या एका रुग्णालयात सहज चौकशीला गेल्या. चारदोन जखमी असतील, त्यांना घरी चहाला बोलवावे, इतकाच बेत. पाहतात तो शेकडो माणसे खाटांवर पडून, भेटायला कोणी नाही. त्यातून १९२० साली त्यांनी ‘नॉट फरगॉटन असोसिएशन’ ही संस्था काढली. जखमींना मोटारीतून फिरवून आणायचे, नाटक दाखवायचे, चहाला बोलवायचे, हे तिचे काम. पुढे राजवाड्याच्या बागेत त्यांच्यासाठी चहापान होऊ लागले. शंभर वर्षे उलटली, संस्था अजून चालू आहे व जखमींना सहलीला, सुट्टीला नेत आहे. चहाला बोलवायला निघालेल्या एका बाईचे हे काम! आपल्या मंडळाचीही पहिली सभा चहावरच झाली होती, म्हणून आठवले.

आंधळ्या झालेल्या शिपायांसाठी सर आर्थर पिअर्सन यांनी १९१५ साली लंडनात ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था काढली. ते स्वतः वर्तमानपत्राचे मालक, आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेलेली. बोटांनी वाचणे, टंकलेखन, टोपल्या विणणे, कोंबड्या पाळणे असे उद्योग तेथे शिकवीत. पुढे ह्याच संस्थेने त्याच ब्रायटन गावी समुद्रकाठी विश्रांतीचे व सुट्टीचे घर चालविले, आणि १९३८ साली गावाजवळ ओव्हिंगडीन येथे मोठी नवी इमारत बांधली. वाऱ्यावर बसावे, समुद्र कानांनी पाहावा. संस्थेतील पुष्कळ आंधळ्या जवानांशी तेथे सेवेला असलेल्या मुलींनी लग्ने केली. शुश्रूषा करणारीची बायको झाली, म्हणजे तिची पाळी कधी संपणारच नाही, हे त्या मुलींना तेव्हा कोणी सांगितले असेल का?

दुसऱ्या महायुद्धात ही विद्या आपल्याकडे आली. १९४३ साली डेहराडूनला आंधळ्या हिंदी शिपायांसाठी सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह निघाले. त्याचे काम पाहणारे क्लूथा मॅकेंझी स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले होते. ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून गोळा होतो. ७ डिसेंबरला छातीवर टाचतो तो कागदी झेंडा त्याचाच. आणि कंबरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी पुण्याच्या खडकीस १९७४ साली केंद्र निघाले. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून असेच अधू झाले, पोहायला शिकले, आणि १९७२ साली जर्मनीत दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून आले.

जखमीकडे असे हळूहळू लक्ष गेले. सांभाळणारीकडे जायला मात्र फार उशीर झाला. अमेरिकेत नौदलप्रमुखांच्या पत्नीने एक अडचण पुढे मांडली, की रुग्णालयात जवान असतो, पण त्याच्या घरच्यांनी उतरावे कोठे? झॅकरी फिशर या बांधकाम व्यावसायिकाने व त्यांच्या पत्नीने १९९० पासून लष्करी रुग्णालयांजवळ अशी घरे बांधून दिली. तेथे कुटुंबाला राहण्यास पैसे पडत नाहीत. २०१० साली तेथे कायदा झाला, त्यात जखमी जवानाला सांभाळणाऱ्यास मानधन, आणि वर्षाला निदान ३० दिवस विसावा मिळण्याची तरतूद झाली. तेवढे दिवस दुसरे माणूस येऊन काम पाहते. आधी तो फक्त २००१ नंतरच्या जखमींपुरता होता, जुन्या लढायांतल्यांना २०२० पासून लागू होऊ लागला. इतकी वर्षे खुर्ची ढकलून म्हाताऱ्या झालेल्या बायकांना अखेर सुट्टी मंजूर! २०१४ च्या एका पाहणीत अशी सांभाळणारी माणसे त्या देशात ५५ लाख निघाली.

इंग्लंडात मात्र २०२० सालीच माजी सैनिकांच्या लीजन संस्थेने आपली समुद्रकाठची चार विश्रांतीगृहे बंद करण्याचे ठरविले. चालू झालेली गोष्ट चालू राहील असे धरून चालता येत नाही.

मी पाचवीत असताना आईने चुलतीला सांगितले, “तू आठ दिवस माहेरी जा, भाऊजींचे मी बघते.” चुलते तोंडाने हो म्हणाले, पण दोन दिवस त्यांनी आईशी अबोला धरला. पट्टा घट्ट झाला, पाणी गार आहे, भाकरी जाड आहे, असे सुरूच होते. तिसऱ्या दिवशी आई शेतात गेली होती. मी शाळेतून आले तर चुलते आरसा खिडकीत टेकवून डाव्या हाताने दाढी करीत होते. दोन ठिकाणी कापले होते. मला म्हणाले, “तुझ्या काकूला सांगू नकोस.”

चुलती सहाव्या दिवशीच आली. माहेरी काय केलेस म्हणून आईने विचारले, तर म्हणाली, “पहिले दोन दिवस नुसती झोपले. आईने जेवायलासुद्धा उठवले नाही.” मग पिशवी कोपऱ्यात ठेवली, चुलत्यांच्या हनुवटीवरची खूण पाहिली, काही बोलली नाही, आणि पायाच्या पट्ट्याला तेल लावायला बसली. पुढच्या वर्षीपासून दर दिवाळीनंतर ती आठ दिवस जाऊ लागली.