घरच्या पहाऱ्याचे दप्तर

चित्रपहाऱ्याचा इतिहास सांगताना लोक बहुधा कॅमेऱ्यापासून प्रारंभ करतात, आणि त्यामुळे त्यातील खरोखर अवघड गोष्ट, म्हणजे पाहिलेल्याची नोंद ठेवणे आणि यंत्रे बदलली तरी ती नोंद वाचनीय राखणे, ही दृष्टीआड होते. 1942 साली जर्मनीतील पेनेम्युंडे येथे व्ही-2 अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याच्या हातून बंदिस्त वाहिनीची दूरचित्रयंत्रणा उभी राहिली, तेव्हा पाहणे एवढेच तिचे प्रयोजन होते. ही विद्या घराच्या उंबरठ्यावर आणण्याचा मान मात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेचा आहे. तिच्या व तिच्या पतीच्या नोकरीच्या वेळा अनियमित, वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलीस हाकेला उशिरा धावून येणारे. अशा परिस्थितीत तिने पती अल्बर्ट यांच्या साहाय्याने एक यंत्रणा रचून 1 ऑगस्ट 1966 रोजी पेटंटासाठी अर्ज केला आणि 2 डिसेंबर 1969 रोजी तो मंजूर झाला. दारातील निरनिराळ्या उंचीची चार छिद्रे, त्यांच्यामागे खाली-वर सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीतील पडदा, आगंतुकाशी बोलण्याची सोय, दुरूनच दार उघडणारी कळ आणि संकटसमयीचे बटण, एवढा सरंजाम तिने एका आराखड्यात बसविला. घर राखणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या निकडीतून स्वतःचा बंदोबस्त करावा ही परंपरा येथे सुरू होते, आणि पुढील सर्व वृत्तांत मला तिचाच विस्तार वाटतो.

नोंदीचा प्रश्न प्रथम चुंबकीय फितीने सोडविला, पण दुकानांना व पेढ्यांना परवडेल अशाच रीतीने. क्षणाक्षणाला चित्र न घेता मधून मधून घेतल्यामुळे एकाच फितीवर संबंध दिवस मावे, आणि तीच फीत पुनःपुन्हा वापरल्यामुळे नेमके हवे तेव्हाचे चित्र धूसर निघे. 1990 नंतर संगणकाने हे क्षेत्र हाती घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 साली कॉफीच्या भांड्यावर रोखलेला, 128 बाय 128 ठिपक्यांचे करडे चित्र देणारा कॅमेरा सर्वविश्रुत आहे. 1996 साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने जाळ्याला थेट जोडता येणारा नेटआय 200 हा कॅमेरा बाजारात आणला, पण पूर्ण आकाराचे एक चित्र द्यावयास त्याला सुमारे 17 सेकंद लागत. इतक्या अवधीत चोर अंगण ओलांडून जाईल हे उघड असले, तरी कॅमेऱ्याने स्वतःच जाळ्यावर बोलावे हा शिरस्ता त्यानेच घालून दिला.

घरी ठेवलेल्या संगणकावर पहाऱ्याचे संपूर्ण दप्तर चालविण्याची खरी तजवीज झाली ती 2002 च्या सुमारास. इंग्लंडमधील फिलिप कूम्ब्स या संगणकतज्ज्ञाच्या गॅरेजातून यांत्रिक हत्यारे चोरीस गेली, आणि तयार सामग्री विकत घेण्याऐवजी त्याने झोनमाइंडर ही प्रणाली लिहून ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली केली. चित्र घेणारा व त्याचे पृथक्करण करणारा भाग सी प्लस प्लसमध्ये, कारभार पाहणारे सेवक पर्लमध्ये, पाहण्याचे दालन पीएचपीमध्ये आणि नोंदवही मायएसक्यूएलमध्ये, अशी तिची घडण होती. तिचे वैशिष्ट्य म्हणजे चित्रात ‘झोन’ आखण्याची सोय. कोठे हालचाल दिसताच इशारा द्यावा, कोठली हालचाल दुसरीकडे इशारा झाला असेल तरच जमेस धरावी, कोठल्या आकस्मिक उजेडाने सर्वच इशारा रद्द ठरवावा, हे घरधन्याने आपल्या अंगणाचे झाड, रस्ता आणि सावल्या ओळखून ठरवावयाचे असे. यंत्र ठिपक्यांतील फरक तेवढा मोजी. विवेक माणसाने आधी कागदावर मांडावा तसा झोनमध्ये मांडून ठेवलेला असे.

आरंभीच्या काळात ही प्रणाली बसविणे हे अनेक रात्रींचे काम होते, आणि ज्यांनी ते केले त्यांच्या चिकाटीविषयी मला मनापासून आदर वाटतो. मूळ संहिता स्वतः संकलित करावी, पर्लच्या सहायक संहिता एकेक जमवाव्या, चित्रपकड कार्डाचा चालक जुळवावा, आणि इतके होऊनही पडदा काळाच राहावा, असे वारंवार घडे. त्याचे एक कारण गणिताचे होते. इशाऱ्यापूर्वीची काही क्षणचित्रेही हाती लागावीत म्हणून अलीकडची चित्रे स्मृतीत रहाटगाडग्याप्रमाणे फिरती ठेवलेली असतात. 640 बाय 480 ठिपक्यांच्या एका रंगीत चित्राला 9,21,600 बाइट लागतात, म्हणजे अशा 40 चित्रांना 3,68,64,000. लिनक्सच्या गाभ्यात सामायिक स्मृतीच्या एका खंडाची मर्यादा मूलतः 3,35,54,432 बाइट होती. ती वाढविल्यावाचून पहिला कॅमेराही उभा राहत नसे, आणि ही मर्यादा कोठे वाढवावयाची हे जुन्या जाणत्यांकडून शिकावे लागे. पुढील आवृत्त्यांनी स्मृती राखण्याची पद्धतच बदलली आणि ही अडचण इतिहासजमा झाली.

तथापि दप्तराची कसोटी ते उभारताना लागत नाही, ते नव्या आवृत्तीत नेताना लागते. झोनमाइंडरमध्ये नोंदवहीवर तिच्या रचनेचा आवृत्तिक्रमांक लिहिलेला असतो. नवी प्रणाली सुरू होताच तो आपल्या क्रमांकाशी ताडून पाहते, आणि तफावत असल्यास मधल्या प्रत्येक आवृत्तीचे फेरफार क्रमाने, एकही पायरी न गाळता, लागू करावे लागतात. त्यापूर्वी सेवक थांबवावे आणि नोंदवहीची प्रत काढून ठेवावी, हा नियम पाळणाराचेच दप्तर शाबूत राहते. कधी कधी विघ्न शेजारून येई: मायएसक्यूएलच्या 5.7 या आवृत्तीने 2015 साली अपुऱ्या नोंदी नाकारण्याचा कडक नियम मूळ रचनेतच घातला, तेव्हा झोनमाइंडरला कोणताही दोष नसताना अनेकांना तो नियम शिथिल करून घ्यावा लागला. जागा संपत आली म्हणजे जतनाची खूण नसलेल्या जुन्या घटना खोडण्याची आणि चकतीवरील चित्रे व वहीतील नोंदी जुळतात की नाही हे तपासण्याची व्यवस्थाही या प्रणालीत आहे. ज्याने कधी जुने दप्तर लावले असेल, त्याला हे फेरतपासणीचे काम किती मोलाचे आहे ते सांगावे लागणार नाही.

हा व्याप घरी का करावा, याचे उत्तर 2016 साली जगाला मिळाले. कारखान्याचाच संकेतशब्द कायम ठेवलेले सहस्रावधी कॅमेरे व चित्रमुद्रक मिराय नावाच्या उपद्रवी प्रणालीने बळकावले, आणि त्या वर्षीच्या 21 ऑक्टोबरला त्यांच्याच द्वारे नावांचा पत्ता सांगणाऱ्या डिन या कंपनीवर असा मारा केला की अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यांना बाहेरचा रस्ता बंद करून केवळ घरच्या संगणकाशी बोलू देणे हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय होय.

पण घरच्या दप्तरालाही हद्द असते. वारंवार हल्ले झाल्यामुळे घरावर कॅमेरा लावलेल्या एका चेक नागरिकाच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 11 डिसेंबर 2014 रोजी निर्णय दिला की सार्वजनिक रस्ता टिपणारी अखंड नोंद ही निव्वळ खाजगी बाब मानता येत नाही. त्याच नोंदीच्या आधारे संशयित सापडले होते, तरीही. शेजाऱ्याची खिडकी झाकण्यासाठी झोनमाइंडरमध्ये पुढे ‘प्रायव्हसी’ झोन आला. तो चित्र पकडताक्षणीच तेवढा भाग काळा करतो. मात्र 2018 च्या 1.32 या आवृत्तीने कॅमेऱ्याकडून आलेला चित्रप्रवाह नव्याने न बांधता जसाच्या तसा साठविण्याची मुभा दिली, संगणकाचा भार कमालीचा हलका झाला, आणि त्या मार्गाने साठविलेल्या चित्रांना काळा पडदा लागू होणे शक्यच राहिले नाही. म्हणून जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्या घरधन्याने तो मार्ग निवडण्यापूर्वी आपले झोन पुन्हा तपासावेत, आणि चौकटीत शेजाऱ्याचे घर येत असेल तर त्या एका कॅमेऱ्यापुरते तरी चित्र उलगडून, झाकून, नव्याने बांधून ठेवण्याचा खर्च सोसावा.