हातचे पाचशे पौंड

“गाडी ५,००० पौंड ओढते. ट्रेलर भरून ४,५०० पौंडांचा. पाचशे पौंड हातचे राहिले, मग काळजी कसली?” तीन रांगांच्या कौटुंबिक एसयूव्हीमागे कॅम्पर लावून यलोस्टोनला निघणाऱ्या अमेरिकेतल्या घरांत हा हिशेब सर्रास चालतो. विकणारा हेच सांगतो, शेजारी हेच सांगतो, आणि महाराष्ट्र मंडळात ज्याने सगळ्यांच्या आधी ट्रेलर घेतला तो तर अधिकारवाणीने सांगतो. वजाबाकी बिनचूक आहे. पण ज्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, त्या प्रश्नाने फारसे कोणाचे नुकसान होत नाही. ओढायला इंजिन कमी पडले तर गाडी चढावर रेंगाळते, मागचे लोक वैतागतात, फार तर इंजिन तापते. गाडी उलटते ती दुसऱ्याच कारणांनी, आणि त्या कारणांबद्दल ‘ओढण्याची क्षमता’ हा आकडा जवळजवळ काहीच बोलत नाही.

पूर्वपक्षावर अन्याय नको, म्हणून आधी त्याची बाजू. एके काळी प्रत्येक कंपनी हा आकडा आपल्या मर्जीने छापत असे. २००८ साली एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक आणले. टोयोटाने ते २०११च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी स्वीकारले. डेट्रॉइटच्या कंपन्या मागाहून आल्या. या मानकातली चढाची परीक्षा सोपी नाही. अ‍ॅरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमचा प्रसिद्ध चढ आहे, सुमारे ११ मैलांत ३,००० फूट. हवा निदान १०० अंश फॅरनहाइट तापलेली, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली उतरता कामा नये. शिवाय थांबण्याच्या, वळण्याच्या, ट्रेलर डुलू लागला तर तो किती लवकर शांत होतो याच्याही कसोट्या आहेत. तेव्हा ‘कंपन्या वाटेल ते छापतात’ हा जुना आक्षेप आता टिकत नाही, आणि मी तो घेणारही नाही.

माझा आक्षेप असा, की परीक्षेला बसलेली गाडी आणि तुमच्या ड्राइव्ह-वेतली गाडी वेगळ्या आहेत. परीक्षेच्या गाडीत दोन माणसे धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुले नाहीत, बॅगा नाहीत, बर्फाचा कूलर नाही. ट्रेलरही शहाण्यासारखा भरलेला असतो: त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, बाकी त्याच्या स्वतःच्या चाकांवर. या अटी गुप्त नाहीत. होंडाने तर पायलटच्या मॅन्युअलमध्ये गाडीतल्या माणसांच्या संख्येगणिक ट्रेलरचे वजन उतरवत नेणारा तक्ताच दिला आहे. पण मॅन्युअल वाचतो कोण? माहितीपत्रकावर ठळक छापला जातो तो दोन माणसांचाच आकडा.

खरी मर्यादा ड्रायव्हरचे दार उघडले की खांबावर दिसते. पिवळ्या-पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेले असते, की माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होऊ नये. तिथे १,३०० आहे असे समजू. या वर्गातल्या गाड्यांना साधारण एवढेच असते. आता उन्हाळा आहे आणि पुण्याहून आई-बाबा आलेले आहेत, म्हणजे तिसरी रांगही भरली. नवरा १७५, बायको १४०, मुले ७५ आणि ६०, बाबा १५०, आई १३०. झाले ७३०. मागच्या डिकीत बॅगा, कूलर आणि फराळाचे डबे मिळून १५०. हिचचे लोखंड ८०. आणि आता जो आकडा लोक हमखास विसरतात तो: ट्रेलरचा पुढचा दांडा हिचच्या बॉलवर जो भार टाकतो, ज्याला टंग वेट म्हणतात, तोही गाडीच्याच खात्यात जमा होतो. ४,५०० पौंडांच्या ट्रेलरचे बारा टक्के धरले तर ५४०. एकूण १,५००. ओढण्याच्या हिशेबात पाचशे पौंड हातचे राहिलेली गाडी पेलण्याच्या हिशेबात दोनशे पौंडांनी बुडालेली आहे.

यातही ट्रेलर भरल्यावर ४,५०० पौंडच भरेल हे आपण गृहीत धरले आहे. विक्रीच्या कागदावर जे ‘कोरडे’ वजन असते, त्यात पाणी नसते, सामान नसते, आणि पुष्कळदा बॅटरी व गॅसच्या टाक्याही नसतात. चाळीस गॅलन पाण्याचेच ३३० पौंडांच्या वर होतात.

भार किती यापेक्षा तो कुठे पडतो हे जास्त जाचक आहे. बॉल मागच्या आसाच्या मागे असतो. दोन आसांत साडेनऊ फूट आणि मागच्या आसापासून बॉल चार फूट असेल, तर ५४० पौंडांचा तो भार मागच्या चाकांवर सुमारे ७६५ पौंड टाकतो आणि पुढच्या चाकांवरून सुमारे २२५ उचलतो. पुढची चाके हलकी होणे म्हणजे स्टिअरिंग हलके होणे. गाडीचे नाक वर जाते, रात्री समोरच्यांच्या डोळ्यांत दिवे जातात, आणि ओल्या रस्त्यावर वळताना गाडी हाताचे पूर्वीइतके ऐकत नाही.

इथवर आले की रूढ मताची दुसरी पायरी सुरू होते, आणि माझ्या मते घात तिथे आहे. गाडी मागून बसलेली दिसते. मग कोणीतरी जाणकार सांगतो, “ट्रेलरमधले सामान थोडे मागे सरकव, दांडा हलका होईल.” सरकवले जाते. सायकली मागच्या बंपरवर, जनरेटर मागच्या कप्प्यात. गाडी सरळ उभी राहते, सगळ्यांना बरे वाटते. बैलगाडी हाकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने या जाणकाराला तिथेच थांबवले असते. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलू लागते, हे गाडी भरायला शिकतानाच कळते. बैलगाडी ताशी तीन मैलांनी जाते म्हणून तिथे नुसती फजिती होते. ताशी सत्तर मैलांना याच चुकीचे रूप फार वेगळे असते.

ट्रेलर हा हिचभोवती आडवा डोलू शकणारा लंबक आहे. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला ट्रक, रस्त्यातली खाच, कशानेही त्याला धक्का बसतो. प्रश्न एवढाच, की पुढचा हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो की मोठा. वजनाचा मध्य चाकांच्या पुढे असेल तर हेलकावे मरत जातात; तो चाकांच्या मागे सरकला तर वाढत जातात. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर पळवून हे दाखवतात. वजन पुढे ठेवले असता बोटाने दिलेला टोला दोन हेलकाव्यांत विरतो. तेच वजन मागे ठेवले की त्याच टोल्याने ट्रेलर गाडीला फेकून देतो, आणि खेळण्यातली असूनही बघणारा दचकतो.

अमेरिकेत टंग वेट दहा ते पंधरा टक्के ठेवायला सांगतात ते याच कारणाने. पण एवढ्यानेही भागत नाही. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात डार्लिंग, टिली आणि गाओ यांनी गाडी-ट्रेलर जोडीवर केलेले प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. हिचवरच्या भाराइतकेच वजनाचे पसरणे महत्त्वाचे, हे त्यांतून दिसते. पुढच्या टोकाला जड पेटी आणि मागच्या टोकाला जड सायकली ठेवल्या तर टंग वेट बरोबर येईल, पण एकदा डुलू लागलेला ट्रेलर आवरायला कठीण जाईल. जड वस्तू आसाजवळ आणि खाली ठेवाव्यात.

आता वेगाचे पाहू. ‘वेग जास्त तर धोका जास्त’ हे सगळेच म्हणतात, पण धोका का वाढतो ते क्वचित सांगतात. डुलणाऱ्या ट्रेलरला शांत करते ती मुख्यतः टायरांची आडवी पकड, आणि तिच्यातून मिळणारा अवरोध वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून ५५ला आज्ञाधारक असलेली जोडी ७०ला बिथरू शकते, आणि आधी काही चाहूल लागेलच असे नाही. डुलण्याचा एक फेरा साधारण दीड-दोन सेकंदांचा. माणूस घाबरून उलट दिशेला स्टिअरिंग फिरवतो तेव्हा त्याला अर्धा-पाऊण सेकंद उशीर झालेला असतो, आणि त्याचा उपाय पुढच्या हेलकाव्याला ढकलतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, गाडीचा ब्रेक करकचून दाबू नये आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा दट्ट्या हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. तो दट्ट्या कुठे आहे हे घरातल्या दोन्ही ड्रायव्हरांना अंधारातही चाचपता आले पाहिजे.

ओढण्याचा आकडा इंजिनाचा अंगभूत गुण आहे या समजाला सर्वांत चांगले उत्तर अटलांटिकपलीकडे मिळते. टोयोटा रॅव४ची पाचवी पिढी घ्या. चारही चाकांना जोर देणारी हायब्रिड ब्रिटनमध्ये ब्रेकवाला ट्रेलर १,६५० किलोपर्यंत ओढू शकते. अमेरिकेत त्याच पिढीच्या हायब्रिडला मर्यादा आहे १,७५० पौंड, म्हणजे ८०० किलोंपेक्षाही कमी. समुद्र ओलांडताना इंजिन निम्मे झाले नाही. तिकडे ट्रेलरसह वेगमर्यादा मोटरवेवर ताशी ६० मैल आहे. जर्मनीत ताशी ८० किलोमीटर, खास मान्यता घेतली तर १००. हिचवरचा भारही कमी, पुष्कळ गाड्यांना ७५ ते १०० किलोच, आणि तिकडचे कॅराव्हॅन त्या बेताने बांधलेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारखी राज्ये ट्रेलरवाल्यांना ५५वर अडवतात, पण कित्येक ठिकाणी ट्रेलर मागे घेऊन ७०ने जाणे कायदेशीर आहे. ट्रेलरचे ‘एसटी’ टायर मात्र, निराळे लिहिले नसेल तर, ६५ मैलांपुरतेच धरले जातात. कायदा ७० म्हणतो, टायर ६५ म्हणतो, ऐकायचे टायरचे.

यावर प्रतिपक्षाची तीन उत्तरे येतात. पहिले इलेक्ट्रॉनिक्सचे. २०१२च्या मॉडेलांपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारमध्ये स्थैर्यनियंत्रण सक्तीचे आहे, आणि ट्रेलरचे डुलणे ओळखून गाडीचे एकेक चाक ब्रेकने आवरणारी व्यवस्थाही आता पुष्कळ एसयूव्हींत असते. ती चांगलीच आहे. पण ती डुलणे सुरू झाल्यावर जागी होते, आणि टायरला जेवढी पकड आहे तेवढ्यातच तिचे राज्य. मागे ठेवलेला जनरेटर ती पुढे आणून देत नाही.

दुसरे उत्तर भार वाटणाऱ्या हिचचे. त्याच्या पोलादी दांड्या मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि ट्रेलरच्या चाकांवर नेतात. हे उत्तर वजनदार आहे, आणि मी ते अर्धे मान्य करतो. उचललेल्या २२५ पौंडांपैकी निम्मे परत पुढे आले तरी स्टिअरिंगमध्ये जीव येतो. अति घट्ट आवळले तर मात्र मागची चाके वळणावर आधी निसटतात. शिवाय काही कंपन्या आपल्या एसयूव्हीला हा हिच चालतच नाही असे लिहितात, काही अमुक वजनापुढे तो सक्तीचा करतात. आणि गाडीची स्वतःची कमाल मर्यादा त्याने वाढत नाही.

तिसरे उत्तर उलट टोकाचे: “मग एसयूव्हीच्या भानगडीत पडू नका, सरळ पिकअप घ्या.” हे पहिल्या चुकीचेच भावंड. मोठ्या पिकअपलाही दारावर पट्टी असते, आणि सुखसोयींनी लादलेल्या पिकअपची पट्टी कधीकधी आश्चर्य वाटावे इतकी कंजूष असते. ३,००० पौंडांचा बेताचा ट्रेलर, चौघांचे कुटुंब आणि ६०चा वेग, एवढ्यात नीट भरलेली एसयूव्ही उत्तम काम देते. युरोपातले लोक याहून लहान गाड्यांनी हेच करतात.

ब्रेकांबद्दल थोडक्यात. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा इंटरस्टेट ७० आयझेनहॉवर बोगद्यात ११,००० फुटांच्या वर जातो आणि पलीकडे सात टक्क्यांच्या उताराने सिल्व्हरथॉर्नकडे कोसळतो. सुमारे १०,००० पौंडांची जोडी तो उतार ४५ने उतरते तेव्हा सुमारे ८० अश्वशक्तीइतकी शक्ती सतत जिरवावी लागते. थोडी हवा खाते. उरलेली इंजिनाने खायची, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. खालचा गिअर माथ्यावरच टाकायचा असतो. त्या रस्त्यावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ ठेवले आहेत, त्यांचा उपयोग तुम्हाला होऊ नये. वाऱ्याचेही तसेच. डेन्व्हरहून यलोस्टोनला जाताना वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० लागतो, आणि लॅरमी-रॉलिन्सच्या पट्ट्यात हलक्या, उंच वाहनांना वाऱ्यामुळे रस्ता बंद केल्याचे फलक लागतात. तुमचा कॅम्पर नेमका तसला आहे.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा मोजा. हमरस्त्यांवरच्या ट्रकतळांवर ‘कॅट स्केल’चे काटे असतात. पुढची चाके पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या पट्टीवर उभा करायचा, बटण दाबून आत सांगायचे, आणि पावती घ्यायची. तिच्यावर तिन्ही वजने वेगवेगळी छापून येतात. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी, त्याच माणसांसह, पुन्हा चढवायची. गाडीच्या दोन्ही आसांची बेरीज जेवढी वाढली होती तेवढा भार ट्रेलर गाडीवर टाकतो, आणि पुढच्या आसाचा आकडा जेवढा घटला होता तेवढे तुमचे स्टिअरिंग हलके झाले. आई-बाबा, मुले, भरलेली टाकी, भरलेला कूलर, सगळे घेऊनच काट्यावर जा. आकडा दारावरच्या पट्टीच्या बाहेर गेला तर पाण्याची टाकी मुक्कामावर भरा, आई-बाबांना मित्राच्या गाडीतून आणा, किंवा लहान ट्रेलर भाड्याने घ्या. पण काट्याची पावती हातात येईपर्यंत बुकिंग पक्के करू नका.