उंबरठ्याचा नियम : ‘ड्रॅक्युला’, वेताळ आणि इ. स. १८९७

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी २६ मे १८९७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या काही दशकांत तिच्याविषयी विपुल समीक्षा झाली आहे. मनोविश्लेषणवाद्यांना तिच्यात दडपलेली लैंगिकता दिसली. फ्रँको मोरेत्ती यांनी १८८० नंतरच्या मक्तेदार भांडवलाचे रूपक म्हणून सरदार ड्रॅक्युलाकडे पाहिले. स्टीफन अराटा यांनी १९९० च्या निबंधात तिला ‘उलट्या वसाहतीकरणा’च्या भयाची कथा ठरविले : इंग्रजांनी जगाशी जे केले तेच पूर्वेकडून कोणी येऊन आपल्याशी करील, हे ते भय. ही मांडणी मोलाची आहे. पण तिच्यात साम्राज्य हे इंग्रजांच्या मनातले भय म्हणूनच येते, कोणाच्या तरी घरात शिरलेली वस्तुस्थिती म्हणून येत नाही. प्रस्तुत लेखात या कादंबरीतील एकाच प्रतीकाचा, उंबरठ्याचा, विचार मराठी प्रदेशाच्या बाजूने करावयाचा आहे.

परभणीच्या आमच्या पदव्युत्तर वर्गात या कादंबरीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : “सर, म्हणजे हा आपला वेताळच ना?” प्रश्न भाबडा नाही, त्याला इतिहास आहे. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेताळाच्या पंचवीस कथांपैकी अकरा कथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या शीर्षकातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. बर्टन मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी, मराठीही शिकलेला. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८३० मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ मराठीत छापली गेली होती. तिच्या वाचकाला वेताळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. इंग्रज वाचकासाठी मात्र बर्टनला ओळखीचे नाव हवे होते, आणि त्या नावाबरोबर न केलेला रक्तपानाचा आरोपही वेताळाला चिकटला.

स्टोकर बर्टनला १८७८ मध्ये प्रथम भेटला. हेन्री आयर्विंगच्या आठवणींच्या पुस्तकात (१९०६) त्याने बर्टनच्या वर सरकणाऱ्या ओठाचे आणि चमकणाऱ्या सुळ्याचे वर्णन केले आहे. यावरून काही अभ्यासक बर्टनमध्येच ड्रॅक्युलाचे मूळ शोधतात. हा तर्क मला घाईचा वाटतो. आठवण कादंबरीनंतर नऊ वर्षांनी छापलेली आहे. बर्टनच्या सुळ्यावरून ड्रॅक्युला सुचला, की ड्रॅक्युला लिहून झाल्यावर सुळा आठवला, हे कोणी ठरवायचे?

वेताळ आणि ड्रॅक्युला यांतील खरा भेद दातांचा नाहीच. अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणात, राज्य करतो. तीच गोदावरी पुढे पाथरी-गंगाखेडवरून वाहते. येथे वेताळ राजाच्या वाड्यात येत नाही. राजा स्मशानात जातो, शिंशपा वृक्षावरचे प्रेत खांद्यावर घेतो. वेताळाची हद्द ठरलेली आहे आणि ती ओलांडणारा माणूस आहे. लोकधर्मातही हेच दिसते. महाराष्ट्र-गोव्यात वेताळ हा भुतांचा राजा असला तरी अनेक ठिकाणी तो गावाचा राखणदार देव आहे. गोव्यातील लोलये येथील त्याची उघडी पाषाणमूर्ती अनेकांनी पाहिली असेल. जो सीमेवर उभा राहून गाव राखतो, त्याला घरात शिरणाऱ्याचे नाव देणे हा केवळ शब्दाचा गोंधळ नव्हे. शिवाय, आणि कथनशास्त्राच्या दृष्टीने हे अधिक महत्त्वाचे, पंचविशीत वेताळ हाच निवेदक आहे. तो कथा सांगतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल अशी अट घालतो.

आता ड्रॅक्युलाकडे वळू. घरातील कोणी बोलावल्याशिवाय त्याला प्रथम आत येता येत नाही. एकदा बोलावले की मग तो हवा तेव्हा येतो. वेड्यांच्या इस्पितळात त्याला वाट करून देतो तो रेनफील्ड. आपल्या किल्ल्याच्या दारात तोही हार्करला स्वेच्छेने आत येण्यास सांगतो. संमतीची ही अट बहुतेक समीक्षक लोकसमजूत म्हणून उरकतात. पण कादंबरीच्या उत्तरार्धात एक विलक्षण गोष्ट घडते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कारफॅक्सची वास्तू ड्रॅक्युलाने कायदेशीर खरेदीखताने, वकिलामार्फत घेतली आहे. तो व्यवहार करणारा हार्करच. पिकॅडिलीचे घरही त्याने, खोट्या नावाने का होईना, विकतच घेतले आहे. नायकमंडळी या दोन्ही घरांत मालकाला न विचारता शिरतात. पिकॅडिलीत तर भरदिवसा किल्लीवाल्याला बोलावून कुलूप काढविले जाते. उमरावाची पदवी जवळ असल्याने संशय येत नाही. आत शिरून ते मातीच्या पेट्या पवित्र प्रसादाने ‘निर्जंतुक’ करतात. स्टोकरने येथे वैद्यकशास्त्राचाच शब्द वापरला आहे. उंबरठ्याचा नियम राक्षस पाळतो. सज्जनांना तो लागू नाही.

कादंबरी लंडनमध्ये विक्रीला आली तेव्हा पुण्यात काय चालले होते? मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील समितीने पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. सैनिक देवघर-माजघरापर्यंत शिरत. रोग्यांना इस्पितळात, इतरांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेत. सामान जाळीत, घरे धूत. ‘केसरी’ने या जुलमावर टीका केली. मे महिन्यातच पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दशेबद्दल तक्रार केली. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि टिळकांच्या विरोधक; म्हणजे आक्षेप केवळ सोवळ्यातल्यांचा नव्हता. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभानंतर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. कादंबरी तेव्हा एक महिन्याचीही नव्हती.

स्टोकरच्या मनात पुणे होते असे मी म्हणत नाही. साथीची धास्ती त्याच्याकडे घरातूनच आली होती : १८३२ च्या स्लायगो येथील कॉलऱ्याच्या आठवणी त्याच्या आईने, शार्लटने, त्याला लिहून दिल्या होत्या. रँडच्या बाजूनेही एवढे मान्य केले पाहिजे की प्लेग खरा होता आणि माणसे खरोखर मरत होती. कारफॅक्सच्या पेट्यांसारखा तो कल्पित धोका नव्हता. परंतु रोग बाहेरून येतो, तो घरात लपतो, आणि घरात शिरून जागा शुद्ध करण्याचा अधिकार शुद्ध करणाऱ्याला आपोआप मिळतो, ही विचारव्यवस्था दोन्हीकडे एकच आहे. अराटा ज्याला भय म्हणतात त्याची दुसरी बाजू ही. आपल्या दारी परका येईल या भीतीने लंडनचा वाचक शहारत होता, त्याच वर्षी त्याच्या राज्याचे शिपाई कसबा-सदाशिवातले उंबरठे ओलांडीत होते. (परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती; त्या हद्दीतील प्लेगचा इतिहास वेगळा सांगावा लागेल.)

नारायण धारपांच्या ‘लुचाई’पर्यंत, म्हणजे स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’मार्गे (१९७५) मराठीत आलेल्या ड्रॅक्युलाच्या वारसापर्यंत, हा धागा नेता येईल. तो स्वतंत्र विषय आहे. येथे निवेदनाचा मुद्दा पुरा करतो. ‘ड्रॅक्युला’ ही दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि ध्वनिमुद्रिका यांची जुळवलेली संहिता आहे. मीना हार्कर सर्व कागद टंकलिखित करून क्रमाने लावते. त्या ढिगाऱ्यात ड्रॅक्युलाच्या हातची काही पत्रे आहेत, पण दैनंदिनी नाही. त्याची बाजू नाही. जे घरात शिरले त्यांनीच नोंदी ठेवल्या. पुण्याच्या घरझडत्यांचे सरकारी अहवालही असेच शिरणाऱ्यांनी लिहिले. दामोदर चापेकरांनी मात्र कैदेत असताना आत्मवृत्त लिहिले, आणि १८ एप्रिल १८९८ रोजी ते फाशी गेले तरी ते कागद सरकारी दप्तरात शिल्लक राहिले.