केव्हलार: गढूळ द्रावणानंतर काय झालं?

केव्हलारचा इतिहास बहुतेक ठिकाणी 1965 साली सुरू होतो आणि तिथेच संपतो. अमेरिकेत विल्मिंग्टनला ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांना पोलादापेक्षा बळकट तंतू सापडला, आणि मग थेट बुलेटप्रूफ जॅकेट! मधली वर्षं गायब. संशोधनात उतरणाऱ्यांनी खरं तर तीच वाचायला हवीत.

आधी 1965 बद्दल थोडक्यात. कंपनीला टायरसाठी हलका पण ताठ धागा हवा होता. क्वोलेक सहजासहजी न वाकणाऱ्या, काठीसारख्या साखळ्यांची पॉलिअमाइड बनवत होत्या. एकदा द्रावण नेहमीसारखं घट्ट आणि पारदर्शक न येता ताकासारखं पातळ, गढूळ आलं. धागा काढायचं यंत्र सांभाळणारे चार्ल्स स्मलन आधी नाहीच म्हणाले. गढूळ म्हणजे आत कण असणार, आणि ते स्पिनरेटची भोकं बुजवणार. (स्पिनरेट म्हणजे शेवयांच्या साच्यासारखी चकती, फक्त भोकं अतिशय बारीक.) त्यांची भीती रास्तच होती. क्वोलेक यांनी द्रावण गाळून पाहिलं, तरी ते गढूळच राहिलं. म्हणजे कण नव्हतेच. अखेर धागा निघाला, आणि त्याच्या ताठपणाचा आकडा इतका मोठा आला की त्यांनी मोजणी पुन्हा पुन्हा करून घेतली.

त्या द्रावणात साखळ्या आपापल्या रांगा धरून उभ्या होत्या, म्हणजे ते लिक्विड क्रिस्टल होतं. असं घडू शकतं हे पॉल फ्लोरी यांनी 1956 मध्येच गणिताने दाखवलं होतं.

पण हा तंतू म्हणजे आजचं केव्हलार नव्हे! तो पॉली-पॅरा-बेंझामाइडचा होता आणि त्याचा कच्चा माल महागडा. म्हणून कंपनी त्याच्या स्वस्त भावंडाकडे वळली: पॉली-पॅरा-फेनिलीन टेरेफ्थालमाइड, म्हणजेच पीपीटीए. तो 400 अंश सेल्सिअसच्या पुढेही वितळत नाही, थेट त्याचं विघटनच होतं. वापरणाऱ्याला हे वरदान, बनवणाऱ्याला डोकेदुखी. नायलॉनसारखा वितळवून धागा काढता येत नाही आणि साध्या द्रावकात तो विरघळतही नाही.

उरलं जवळजवळ 100 टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल. त्यात सुमारे 20 टक्के पॉलिमर घातला की खोलीच्या तापमानाला त्याचा गोळा होतो आणि 80 अंशांच्या आसपास तो पातळ होतो. म्हणजे स्पिनरेट गरम हवा. पण धागा ज्या पाण्यात गोठवायचा ते थंडगार हवं, नाहीतर आत पोकळ्या राहतात. जुन्या पद्धतीत स्पिनरेट पाण्यातच बुडलेला असायचा. मग एकाच वेळी गरम आणि थंड कसं जमायचं?

ड्यूपाँटमधल्याच हर्बर्ट ब्लेड्स यांनी 1970 च्या सुमारास स्पिनरेट पाण्याच्या किंचित वर उचलला. वर गरम, खाली थंड, मध्ये हवेची छोटीशी फट. त्या फटीत धागा ताणला जातो आणि साखळ्या धाग्याच्या दिशेने आणखी सरळ होतात. उपाय ऐकायला फारच साधा, पण माझ्या मते कारखाना उभा राहिला तो या फटीवर. क्वोलेक यांचं नाव सर्वांना माहीत असतं, ब्लेड्स यांचं पॉलिमरवाल्यांनाही क्वचितच.

पुढचं संकट पॉलिमर तयार करण्याच्या टप्प्यावर आलं. तिथे हेक्सामिथाइलफॉस्फोरामाइड हा द्रावक वापरत. 1975 मध्ये ड्यूपाँटच्याच प्रयोगशाळेत दिसलं की त्याची वाफ श्वासावाटे घेणाऱ्या उंदरांना नाकाचा कर्करोग होतो. आता तो बदलणं भाग होतं. एन-मिथाइल पायरोलिडोन आणि कॅल्शियम क्लोराइडची जोडी चालत होती, पण तिचं पेटंट नेदरलँड्सच्या आक्झोकडे, आणि आक्झोला ट्वारॉन काढायला हवी असलेली फटीची युक्ती ड्यूपाँटकडे! दोघे अनेक देशांच्या कोर्टांत भांडले. तडजोड झाली 1988 मध्ये.

आणि ज्या टायरसाठी हा खटाटोप सुरू झाला होता, त्या मोटारींच्या रेडियल टायरमध्ये मुख्यतः पोलादी तारच टिकली.